घंटा कधी वाजवायची आणि कधी नाही

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील चर्चचे धर्मगुरू, पाळक आणि चर्च समित्यांचे सभासद

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

ईस्टर झालं की मिरगापर्यंत दीड-दोन महिने हातात असतात. याच दिवसांत समित्यांच्या बैठका होतात. छपराची डागडुजी, सणाचा मंडप, स्पीकरचं भाडं, सेमेटरीतलं गवत हे विषय येतात. यंदाही आले. आम्ही पाहिलेल्या एकाही विषयपत्रिकेत पूर, वादळ, दरड किंवा दंगा झाला तर आपण काय करायचं, हा विषय नव्हता. एका बैठकीत तो तोंडी मांडला गेला, तेव्हा "देव आहे, सरकार आहे, वेळ आली की बघू" असं म्हणून पुढचा विषय घेतला. देव आहे याबद्दल आमचा वाद नाही. पण हॉलची चावी त्याच्याकडे नाही. ती एकाच माणसाकडे आहे आणि तो व्हाळाच्या पलीकडे राहतो.

आम्ही याच चर्चचे सभासद आहोत. आमच्यात परिचारिका आहे, बांधकामाचा इंजिनिअर आहे, वायरमन आहे, पोलीस खात्यातून निवृत्त झालेला अंमलदार आहे. आमची म्हातारी माणसं आणि मुलं याच बाकांवर बसतात. पत्र उघड लिहितोय, कारण उद्या पाणी चढलं तर हॉलच्या पायरीवर येणारे लोक फक्त आपले सभासद नसतील.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत माड-पोफळी झोपवून गेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडात शिरलं. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली. अशा दिवसांत गोष्टी एका ठरावीक क्रमाने बंद पडतात. आधी वीज जाते. मग रस्ता जातो. मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की मोबाइल जातो, कारण जनरेटरचं डिझेल संपतं आणि ते पोचवायला रस्ता नसतो. मग रस्ता जातो. शेवटी उरतात ती चालत पोचणारी माणसं आणि एक मोठा आवाज, म्हणजे आपली घंटा. आपल्याकडे हॉल आहे, विहीर आहे, घरोघर ओळख आहे. नाही ते एवढंच: कोणी काय करायचं हे ठरलेलं नाही.

तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार हॉलची. तहसील कार्यालयातून विचारणा आली की आपण बिनधास्त कळवतो, "आमच्याकडे दोनशे माणसं राहतील." हा आकडा लग्नाच्या पंगतीचा आहे. पंगत तासाभरात उठते. आसऱ्याला आलेला माणूस झोपतो, त्याच्यासोबत गाठोडं असतं, एखादी शेळी असते. मदतकार्यात जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर निकषांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा लागते. ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद हॉलचं क्षेत्रफळ १,८०० चौरस फूट, त्यात माणसं बसतात ४७. वादळाची एक रात्र भिंतीला टेकून काढायची असेल तर दुप्पट घ्या, पण दोनशे नाही. आणि हा हिशेब स्टेज, कपाटं, रचलेल्या खुर्च्या वगळून करा.

त्याआधीचा प्रश्न असा की ती इमारत आसऱ्याच्या लायकीची आहे का. आपली जुनी चर्च चिऱ्याच्या भिंतींची, उंच, मंगलोरी कौलांची आणि मोठ्या खिडक्यांची. पुरात ती जोत्यामुळे बरी ठरतात. वादळात मात्र तीच धोक्याची, कारण वारा वळचणीखालून शिरून कौलं उचलतो, आणि एक खिडकी फुटली की आतला दाब वाढून छप्पर वरच्या वर सुटतं. पत्रा असेल तर सगळ्यात आधी कडेची आणि शिखराची ओळ उडते, कारण तिथले जे-हूक (पत्रा धरून ठेवणारे आकडे) गंजलेले असतात आणि वॉशर गेलेले असतात. वादळासाठी स्लॅबचं छप्पर हवं. शेजारची शाळा स्लॅबची असेल तर लोकांना तिकडे न्या, चर्चचा मान त्याने कमी होत नाही. मागे डोंगर उभा कापून जागा काढलेली असेल तर अतिवृष्टीत तो हॉल उघडूच नका. जमिनीला नवी भेग, कलंडलेला खांब किंवा झाड, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, वाहत्या व्हाळाचं पाणी पाऊस चालू असताना एकाएकी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर सामान न आवरता बाहेर पडायचं. हे ठरवायला इंजिनिअरची एक पाहणी आणि सहीचं एक पत्र पुरतं. मंडपाच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

दुसरी तक्रार पाण्याची. आमच्या मते सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. माणशी दिवसाला १५ लिटर धरा, पिणं, रांधणं, धुणं मिळून. ४७ माणसांना ७०५ लिटर, म्हणजे हजार लिटरची टाकी दीड दिवसही पुरत नाही. टाकी भरते मोटरवर, मोटर चालते विजेवर, आणि वीज तर सगळ्यात आधी जाते. म्हणून इशारा आला की पहिलं काम टाकी काठोकाठ भरणं.

पूर शिरलेल्या विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिण्याचं नाही. आधी उपसा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. साधारण स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम पावडर पुरते, गढूळ असेल तर जास्त लागते. विहिरीतलं पाणी मोजायचं असं: व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा. आले ते घनमीटर, प्रत्येक घनमीटर हजार लिटरचा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत आधी लापशीसारखी कालवा, मग पाणी वाढवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी सोडा. नुसती पावडर गोळे होऊन तळाला जाते. एक तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला त्याची चाचणी करा. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला नाही तर मात्रा पुन्हा द्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे सगळं येतं, त्याला एका रविवारी बोलवा. गेल्या वर्षीची, तोंड उघडं राहिलेली पावडर मात्र कामाची नाही, दमट हवेत तिचा जोर उडून जातो. दरवर्षी मे महिन्यात नवी आणा आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा.

संडासाबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक, मुक्काम लांबला तर २० मागे एक. बायकांचा वेगळा, आतून कडी लागणारा, वाटेवर दिवा असलेला. हा दिवा नसला तर बायका रात्रभर पाणीच पीत नाहीत, आणि सकाळी चक्कर येऊन पडतात.

तिसरी तक्रार जनरेटरची. तो पडवीत किंवा सॅक्रिस्टीच्या (वेदीलगतच्या खोलीच्या) खिडकीखाली ठेवलेला असतो, "पाऊस लागू नये म्हणून". त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद हॉलात झोपलेली माणसं झोपेतच जातात. तो इमारतीपासून निदान वीस फूट लांब, स्वतंत्र आडोशाखाली, धुराचं तोंड उलट दिशेला करून ठेवा. चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) हॉलच्या वायरिंगला जोडू नका. दोन्हीकडे पिनांची वायर घेऊन प्लगातून वीज आत सोडायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते, आणि खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून हात लावतो. महिन्यातून एकदा अर्धा तास, दिवे-पंख्यांचा भार देऊन चालवा. नुसता सुरू करून बंद केलेला जनरेटर ऐन वेळी दगा देतो, कारण जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसलेलं असतं.

चौथी, यादी. प्रत्येक वाडीत एक जण नेमून कागदावर लिहून घ्यायचं: एकटी राहणारी म्हातारी माणसं (मुलं मुंबईत, आखातात किंवा बोटीवर, हे आपल्याला माहीत आहे), चालता न येणारे, नववा महिना लागलेल्या बायका, डायलिसिसवाले, ऑक्सिजनच्या मशिनवर असलेले, इन्सुलिन घेणारे. ऑक्सिजनचं मशिन विजेवर चालतं. त्या माणसाला वादळाच्या आदल्या दिवशीच रुग्णालयाजवळ हलवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. इन्सुलिनची कुपी फ्रिज बंद पडला तर ओल्या वाळूतल्या छोट्या मडक्यात ठेवता येते. यादीच्या दोन प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक धर्मगुरूंकडे आणि एक वाडीत. व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे हे गावभर सांगण्यात कसली सुरक्षितता?

पाचवी तक्रार स्वयंपाकाची आणि तिच्याआडच्या एका नाजूक गोष्टीची. ५० माणसांना दोन वेळची खिचडी म्हणजे साडेबारा किलो तांदूळ, पाच किलो डाळ, तेल-मीठ-हळद. चूल एकच आणि शाकाहारी ठेवा, म्हणजे कोणाला विचारायला नको. नोंदवहीत नाव, वय, गाव, आजार आणि घरच्यांचा नंबर लिहा. जात-धर्माचा रकाना नको. आसऱ्याला आलेल्या कोणालाही प्रार्थनेला बसवू नका, पत्रकं वाटू नका, जेवणाआधी साक्ष देऊ नका, म्हणजे आपल्या श्रद्धेचे अनुभव सांगू नका. आपली उपासना आपण बाजूच्या खोलीत करू. सेवेच्या आडून धर्मांतर करतात हा आरोप आपल्यावर होतो, तो खोटा ठरवायचा तर तो संकटाच्या वेळी आपल्या वागण्यातूनच ठरेल.

आता घंटा. कॅथलिक चर्चमध्ये अंजेलसची (रोजच्या ठरलेल्या वेळच्या प्रार्थनेची) घंटा आहे, मिस्साची आहे, कोणी वारलं की वाजते ती आहे. पुराची कोणती? ठरलेलीच नाही. आमची सूचना अशी: सलग दोन मिनिटं, मग एक मिनिट गप्प, असं तीनदा. अर्थ एकच, "वर चढा". मृत्यूच्या घंटेशी तिचा घोळ होता कामा नये, म्हणून ती संथ नाही, घाईची. कोणी वाजवायची? तीन माणसं नेमा, तिघं वेगवेगळ्या वाड्यांतली, तिघांकडे चावी. हुकूम मिळेपर्यंत थांबायचं नाही. धरणाचं पाणी सोडल्याचा निरोप तहसीलमधून आला किंवा खाडीचं पाणी ठरलेल्या खुणेवर चढलं की वाजवायची. ती खूण चर्चच्या किंवा पुलाच्या भिंतीवर रंगाने काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठा पाऊस पडला की खाडी पाणी घेत नाही आणि गावात तुंबतं. म्हणून भरतीच्या वेळा पावसाळ्यात सूचनाफलकावर लिहा, रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. रात्री स्पीकर लावायला भिऊ नका. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी आहे, पण सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद त्याच नियमात लिहिलेला आहे. देवळाच्या आणि मशिदीच्या विश्वस्तांनाही हा संकेत सांगा. त्यांचा स्पीकर आपल्या घंटेच्या पलीकडे पोचतो.

आणि हीच घंटा दंग्याच्या वेळी कधीही वाजवायची नाही.

हा मुद्दा बैठकीत काढला की लोक दचकतात, म्हणून सावकाश सांगतो. "कोकणात असलं होत नाही" हा आपला आवडता दिलासा आहे. न होवो. पण एक खोटा व्हिडिओ फिरायला दहा मिनिटं पुरतात. चर्चबाहेर जमाव आला आणि कोणी घाबरून घंटा बडवली, तर वाड्यांतली तरुण पोरं धावत येतील, हातात मिळेल ते घेऊन. मग एका जमावाचे दोन जमाव होतात, आणि पहिला दगड कोणाचा हे न्यायालयात दहा वर्षं ठरत नाही. घंटा माणसं गोळा करते. त्या क्षणी नेमकं तेच नको असतं.

मग करायचं काय? आत असलेल्यांनी बाहेर जाऊन वाद घालायचा नाही. मुलं आणि म्हातारी आधी दुसऱ्या दाराने बाहेर. (दुसरं दार! कितीतरी चर्चमध्ये त्याला मोडके बाक आणि नाताळच्या गोठ्याचं सामान टेकवलेलं असतं, आणि कुलपाची चावी कोणालाच माहीत नसते. आग लागली तरी हेच दार लागणार आहे.) एकाच माणसाने ११२ ला फोन करायचा आणि चार गोष्टी सांगायच्या: ठिकाण आणि ओळखीची खूण, अंदाजे किती लोक, हातात काय आहे, कुठल्या रस्त्याने आले. फेसबुकवर थेट प्रक्षेपण नको, त्याने दोन्हीकडची गर्दी वाढते. काठ्या, दगड, मिरचीपूड चर्चमध्ये साठवायची नाही. झडतीत सापडली तर तक्रारदाराचा आरोपी होतो. तरुण मंडळाची "सुरक्षा पथकं" काढायची कल्पना काही समित्यांत घोळते आहे. ती सोडून द्या. रविवारी फाटकावर दोन शांत स्वभावाची माणसं उभी असली तरी पुरे.

पोलीस ठाण्याशी ओळख त्या दिवशी होत नाही. बीट अंमलदार कोण, गावचा पोलीस पाटील कोण, शांतता समितीवर आपला कोणी आहे का, हे आत्ता बघा. नाताळ, गुड फ्रायडेची क्रुसाच्या वाटेची मिरवणूक, वार्षिक सण यांच्या दोन आठवडे आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अफवा आली तर अर्धा तास कोणीही काहीही पुढे पाठवायचं नाही. दोन जणांनी त्या ठिकाणी फोन करून खात्री करायची. समितीच्या वतीने बोलणारा एकच. द्वेषाचा मजकूर पुसू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून तक्रार करा. धर्माधर्मांत तेढ पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि तशा अफवा पसरवणं कलम ३५३ खाली गुन्हा आहे.

नुकसान झालं तर आपले लोक पहिली गोष्ट करतात ती झाडलोट, भक्तीपोटी. पंचनामा होईपर्यंत फुटलेली काचही हलवू नका. प्रार्थनास्थळाची विटंबना न्याय संहितेच्या कलम २९८ मध्ये येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते; नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा, रजिस्टर एडीने. जखमीला सरकारी दवाखान्यातच न्या, म्हणजे वैद्यकीय नोंद होते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) काही दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं करतो, तेव्हा त्याच दिवशी प्रत काढा. न्यायालयात ती चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

नोंदवह्यांचं राहिलंच. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या जुन्या वह्या बहुधा सॅक्रिस्टीच्या खालच्या कप्प्यात असतात. २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. आपल्या वह्यांची दुसरी प्रतही नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढा, एक प्रत धर्मप्रांताच्या किंवा मंडळीच्या मुख्य कार्यालयात ठेवा, आणि वह्या पूररेषेच्या वरच्या कपाटात हलवा. दोन तरुणांचं तीन रविवारचं काम आहे.

आमच्या मागण्या:

१५ मेच्या आत समितीची एक बैठक फक्त या विषयावर घ्यावी आणि ठराव इतिवृत्तात लिहावा. चावीचे आणि घंटेचे तिघं तिथेच नेमावेत, त्यात निदान एक बाई असावी, कारण भर दुपारी गावात बायकाच असतात. इंजिनिअरचं पत्र घेऊन हॉलची खरी क्षमता तहसीलदारांना कळवावी आणि दोनशेचा आकडा मागे घ्यावा. वाडीवार यादी मिरगाआधी पूर्ण व्हावी. एका रविवारी मिस्सा किंवा उपासना संपल्यावर सराव घ्यावा: घंटा, दोन्ही दारं, म्हाताऱ्यांना उचलून नेणं, घड्याळ लावून. पहिल्यांदा सगळे आले त्याच दाराकडे वळतील, हे आत्ताच सांगून ठेवतो. म्हणून दुसऱ्यांदाही घ्यावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, ११२, १०८ आणि ठाण्याचा नंबर दाराशी ठळक लिहावेत. आणि दंग्याच्या वेळी घंटा वाजणार नाही, हे वेदीवरून स्पष्ट सांगावं.

यातलं काही करायचं नसेल तर तसं लेखी कळवा, कारणासहित. उत्तर खाजगीत नको, रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मदत लागली तर आम्ही येऊ, पाहणीला, यादीला, वायरिंगला, सरावाला. मानधन नको.

आपल्याच बाकांवरचे सातजण

ता. क. : मोटर आली तेव्हा बऱ्याच चर्चच्या विहिरींवरचे रहाट काढले आणि तोंडाला जाळी ठोकली. मुलं पडू नयेत म्हणून जाळी हवीच, पण तिला एक झडप करून घ्या आणि कळशी, चाळीस फूट दोर आणि कप्पी हॉलात टांगून ठेवा. वीज नसताना भरल्या विहिरीच्या काठावर तहानलेलं बसायची पाळी येऊ नये.